बाबांच्या नावाची मरळ

१२ एप्रिल २०१५, रविवार

आईला आज ओढा दाखवला. बाबा गेल्यावर नागपूरचं घर बंद करून तिला इथं परदेशात आणलं, तेव्हापासून एकच पालुपद, रोज कुठं चिखल तुडवायला जातेस? म्हटलं, चल, दाखवतेच. मेट्रो, मग बस, मग पायी. वाटेत दोनदा टेकली.

ओढा पाहून तिचा चेहरा पडला. "हा? एवढासा? अन् यासाठी डॉक्टरेट केली तू?"

सांगितलं तिला. इथं आधी सिमेंटचं गटार होतं. सिमेंट फोडलं, दगड टाकले, वळणं दिली, काठावर झाडं लावली. मग मोठ्या डोहात आम्ही मासे सोडले, बोटाच्या पेराएवढे, तांबूस अंगावर काळा त्रिकोण. रास्बोरा. या ओढ्यातून कधीच संपले होते, रानातल्या दुसऱ्या ओढ्यातून जोड्या आणून लॅबच्या टाकीत वाढवले. आता इथं त्यांची आपली आपण वीण झाली पाहिजे. झाली तर ओढा जिवंत, नाही तर नुसती शोभेची बाग.

उंबराच्या मुळांखाली थवा दिसला तशी आई खाली बसली. बराच वेळ बसली. मी शेखी मिरवली, "आख्ख्या बेटावर एवढं चांगलं पाणी नसेल. इथं सोडलेला मासा सुखातच राहणार."

"सुखात आहेत म्हण की," आई म्हणाली. बाबा गेल्यापासून आज पहिल्यांदा हसली.

२० एप्रिल, सोम.

एरिकची मीटिंग. आमचा बॉस. अर्धा जन्म कॅनडात साल्मनच्या नद्यांवर गेला त्याचा. तेच जुनं वाक्य, आधी नदी नीट करा, मासे येतील. तुझ्या साल्मनला समुद्रातून परत यायची वाट तरी आहे रे बाबा. आमचे येणार कुठून? चारी बाजूंना सिमेंट आणि कॉन्डो.

मुद्दा शेवटी काढला. डिसेंबरात आढावा. तोवर डोहात पिल्लं दिसली नाहीत तर प्रकल्प बंद. माझं कॉन्ट्रॅक्ट, इथं राहायचा पास, भाड्याचा फ्लॅट, आईचा पास, सगळं त्या पेराएवढ्या माशांच्या मर्जीवर. वेई लिंग (लॅबमधली, माझ्या शेजारच्या टेबलावरची) म्हणाली, "डोन्ट थिंक सो मच लाह." तिचं काय जातंय. ती इथलीच.

४ मे, सोम.

तिकडं बुद्धपौर्णिमा. इथं तिलाच वेसाक डे म्हणतात, तो पुढच्या महिन्यात, त्यामुळं आज ऑफिस. परतले तर आई पांढरी साडी नेसून बसलेली, वंदना एकटीनंच केलेली. खीर खूप केली होती, सवयीनं. खाणारं कोण?

वाटी घेऊन समोरच्या टॅन आंटीकडे गेली. स्वतःहून! मी दारात उभी राहून ऐकत होते. आई हिंदीत, आंटी अर्धी चिनी अर्धी इंग्रजी. दोघींना काही कळलं नसावं. संध्याकाळी वाटी संत्री भरून परत आली.

१७ मे, रवि.

आता या दोघी सकाळी मिळून वेट मार्केटला, ताज्या मासळी-भाजीच्या बाजाराला, जातात. टॅन अंकलचं ऑपरेशन झालंय, आंटी त्यांच्यासाठी एका माशाचं सूप करते. "ईट धिस, वूंड फास्टर हील."

आई आज घरी आली ती पार उतरलेली. "अगं, मरळ आहे ती! आपली मरळ! इतक्या लांब कशी आली?" तोच मासा, नाव वेगळं. बाबांच्या गावच्या तलावात मरळी असायच्या, लग्नानंतर पहिल्यांदा तिथंच पाहिलेल्या म्हणे. इथं कोळिणीनं टबातून काढून लाकडानं डोकं ठेचलं. "माझ्याकडंच पाहून राहिली होती." जेवली नाही.

बाबा गेल्यापासून मासे-मटण सोडलंय तिनं. आधी रविवारचं मटण चुकलं तर घर डोक्यावर घ्यायची.

२६ मे, मंगळ.

पिल्लं!!!

सकाळी उंबराच्या मुळांशी. पाण्यात डोळे फिरताहेत असं वाटलं, नुसते डोळे. इतकी बारीक. वेई लिंगनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठलाय. एरिक आला, गुडघाभर पाण्यात उभा राहिला. मग म्हणाला, आता ती मोठी होऊन अंडी घालू देत, की जिंकलो.

घरी येऊन आईला उचललंच. "ठेव मला, पडशील!" तिनं गूळ दिला हातावर.

१ जून, सोम. (वेसाक डे)

सुट्टी. उशिरापर्यंत झोपले. आई आणि टॅन आंटी भल्या सकाळी बाहेर. आंटीच्या विहारात, असं आदल्या दिवशी सांगितलं होतं. दुपारी परतल्या तेव्हा दोघी दमलेल्या आणि खूष, शाळेतून पळून गेलेल्या पोरींसारख्या. आईच्या चपलांना चिखल. विहारात चिखल कुठला, विचारलं तर, "तुला काय करायचं?"

बरं वाटलं. तिला कुणी तरी मिळालं इथं.

२४ जून, बुध.

पिल्लं कमी. नक्की कमी. वेई लिंग म्हणते पाऊस, लपली असतील.

३ जुलै, शुक्र.

पाणी तपासलं. सगळं ठीक. प्राणवायू ठीक, कुठं गळती नाही, वरच्या बांधकामाची माती नाही. सगळं ठीक असल्याचा इतका राग कधी आला नव्हता.

मोठे मासेही बुजलेत. डोह सोडून वरच्या उथळ भागात, गवतात घुसून बसतात. असे वागत नाहीत ते. कशाला तरी भितात.

२१ जुलै, मंगळ.

डोह रिकामा. दिवसभर बसले. उथळात चारदोन दिसले असतील. पिल्लू एकही नाही.

एरिकनं टोपी काढली आणि पुन्हा घातली. बस्स, एवढंच. ओरडला असता तर परवडलं असतं.

घरी आले, चपलाही न काढता जमिनीवर बसले आणि रडले. चाळिशी जवळ आलेली बाई, माशांसाठी. आईनं जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. आणि म्हणाली, हे लिहायलाही हात धजत नाही, म्हणाली, "रडू नको. तुझं काम होणारच. तुझ्यासाठी तर मी मरळ सोडली तिथं."

कुठं?

"तुझ्या त्या डोहात. आंटीनं टॅक्सी केली होती. तूच म्हणालीस नं, तिथं मासा सुखात राहतो."

दोन. मार्केटमधून जिवंत विकत घेतल्या, वेसाकच्या सकाळी, हंड्यात पाणी घालून नेल्या. आंटीकडची रीत, या दिवशी जीव सोडायचा, पुण्य लागतं. मोठी सोडली बाबांच्या नावानं. दुसरी माझ्या नावानं, माझं काम यशस्वी व्हावं म्हणून.

"तुझी जराशी फाटक्या शेपटीची होती. पण चपळ हं!"

मला फाटकीच मिळायची. हसूही आलं, देवाशपथ. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

मरळ शिकारी मासा. समोर छोटे मासे असले की मासेच खाते.

२२ जुलै, बुध.

सांगितलं नाही तिला. सकाळी डबा भरताना गुणगुणत होती. सात महिन्यांत पहिल्यांदा घर घरासारखं वाटतंय, ते कुठल्या तोंडानं मोडू?

आणि बाबा! जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. पुण्य शब्द घरात उच्चारला तरी चष्म्यावरून बघायचे. त्यांच्या नावानं पुण्य! आईला तेवढंच म्हटलं मी, की बाबांना पटलं नसतं. तर लगेच, "प्राणिमात्रांवर दया करायची शपथ त्यांनीही घेतली होती माझ्यासोबत. त्यात काय न पटायचं?" मी डबा उचलून बाहेर पडले.

एरिकला म्हटलं, डोहात मरळीसारखं काही तरी असावं, हवा घ्यायला वर आलेलं पाहिलं. खोटं. पाहिलं नव्हतं.

भडकला तो. "वेसाकवाले! दरवर्षी! दया म्हणे!" मला म्हणाला, "नो ऑफेन्स." वेई लिंग खाली बघत होती. तिची आजीही सोडते कासवं. परवानगीशिवाय असे प्राणी सोडणं इथं गुन्हा आहे, सापडला तर तक्रार करतो, म्हणाला. मी मान डोलावली. चांगली डोलावली.

१० ऑगस्ट, सोम.

जाळी लावली, पिंजरे लावले, विजेचा सौम्य झटका देणारी काठी फिरवली. उंबराच्या मुळांखाली काठी पोचतच नाही. तीच मुळं, मीच हट्टानं राखलेली, लहान माशांना लपायला जागा हवी म्हणून.

आज खरंच दिसली. पाण्यावर नाक, एक बुडबुडा, संपलं. मोठी होती.

घरी आई, "दिसली का गं माझी मरळ?"

"दिसली."

"कशी आहे?"

"मजेत."

१४ सप्टें., सोम.

धूर. सुमात्रातली जळती रानं आपल्या नाकात. मास्क लावून ओढ्यावर. काठावर पाटी लावलीय आता, हात, पिशवी, मासा, वर लाल फुली. खाली दंडाची भाषा. आई दिवसभर खिडक्या लावून आत. टॅन आंटी सूप घेऊन येते, आई त्यातल्या भाज्या तेवढ्या खाते.

कंटाळलीय. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचंच म्हणते. तिकीट काढलं, अठरा ऑक्टोबर. सुटकेचा श्वास टाकला मी, आणि त्याची लाज वाटली.

१ ऑक्टो., गुरु.

सापडली. पहाटे लावलेल्या पिंजऱ्यात. फाटक्या शेपटीची.

माझी.

एरिक म्हणाला, तू कर, तुझा प्रकल्प आहे. लॅबमध्ये गुंगीच्या पाण्यात ठेवली. मरळ जायला वेळ लावते. हवेवर जगणारा मासा, पुन्हा पुन्हा वर तोंड काढते. मी शेजारी उभी राहिले. आई म्हणाली होती, माझ्याकडंच पाहून राहिली होती. मासा कुणाकडं पाहत नसतो, हे मला शिकवायला हवं होतं का कुणी?

पोटात आमचे रास्बोरा. अर्धवट पचलेले. एकाच्या शेपटीच्या बुडाशी ओळखीसाठी आम्ही टोचलेला नारिंगी ठिपका तसाच्या तसा. तो बशीत काढून ठेवला.

मादी. अंडाशय रिकामं. नुकतीच अंडी घालून झालेली.

ते नोंदवलं. एरिक टाकीपाशी होता, त्यानं कागदाकडं पाहिलंच नाही. "एकच होती तर. गुड." मी म्हटलं, अजून एक असेल. "कशावरून?" वाटतं. "वाटण्यावर काम होत नाही." खरंय. ज्यावर होतं, ते मी सांगितलं नाही. रिकाम्या अंडाशयावर बोट ठेवलं असतं तरी पुरे होतं, नराशिवाय वीण कुठली? नाही ठेवलं. दुसरी नक्की आहे म्हटलं की 'कुणी सोडली?' इथवर येणार. सांगितलं असतं तर आईची तक्रार मीच लिहिली असती, माझ्या अक्षरात.

घरी हात चारदा धुतले. आई म्हणाली, "आज मासळीचा वास येतोय तुला."

९ ऑक्टो., शुक्र.

दोन दिवस धो धो. ओढा काठावर. मरळ अशा पाण्यात निघून जाते, ओल्या गवतावरूनही सरपटते. गेली असेल. गेलीच असेल. पाणी उतरल्यावर जाळी लावली, काही नाही. काठी फिरवली, काही नाही. वेई लिंग म्हणाली, "सेटल्ड लाह."

एरिकनं ठरवलं. टाकीत उरलेले सगळे मासे एकोणीसला डोहात. डिसेंबरपर्यंत पुन्हा वीण व्हायला तेवढाच वेळ हाताशी आहे. सगळे? टाकीत थोडे तरी ठेवू या म्हटलं. थोड्यांचा थवा होत नाही, थव्याशिवाय अंडी नाहीत, म्हणाला. तेही खरंय. त्या रानातल्या ओढ्यातून पुन्हा पकडायची परवानगी मिळणार नाही. हे शेवटचे.

१७ ऑक्टो., शनि.

आईची बॅग भरून झाली. म्हणाली, जायच्या आधी एकदा डोह दाखव.

नाही कसं म्हणणार? धूर आज विरळ होता. या खेपेला कुठं टेकली नाही, भराभर चालली. काठाशी पाटी दिसली तशी थांबली. इंग्रजी तिला येत नाही, पण चित्र कुणालाही कळेल. हात, पिशवी, मासा, लाल फुली. मी उगाच बुटाची नाडी बांधत बसले.

"हे आधी नव्हतं."

"नाही."

मग डोहाशी. मी आधी पाण्याकडं पाहिलंच नाही, तिच्याकडंच पाहत होते. ती वाकली, हात गुडघ्यावर. "पिल्लं," म्हणाली. आवाजात आनंद नव्हता.

मुळांच्या बाहेर, उन्हाच्या तुकड्यात, तांबडालाल पुंजका. शेकडो. पाणी उकळावं तसा वरखाली होणारा. आणि त्याच्या खाली सावली. मोठी. स्थिर.

म्हणजे ती 'मोठी' नर होता. वीण झाली आमच्या डोहात, मरळीची. आढाव्यात लिहायला हेच तर हवं होतं.

मासा वर आला, हवा घेतली, पुन्हा पिल्लांखाली गेला. आईनं हात जोडले नाहीत. मला वाटलं होतं जोडेल.

"तुझे ते छोटे कुठं आहेत?"

मी वरच्या उथळाकडं पाहिलं.

"एकही नाही?"

"टाकीत आहेत थोडे. परवा सोडायचेत."

"इथंच?"

"इथंच."

बसली मग, उंबराच्या मुळावर, एप्रिलमध्ये बसली होती तिथंच. पाण्याकडं बघतच बोलायला लागली. बाबा लहानपणी गावच्या तलावात मरळ कशी धरायचे. एरवी ती कुणाच्या हाती लागत नाही. पण पिल्लं झाली की बाप त्यांना सोडून हलत नाही. पिल्लांच्या घोळक्यात नेमका गळ टाकायचा. "आमिषही नाही लागत फारसं. भुकेनं नाही येत तो. रागानं येतो."

"आई, हे मला का सांगून राहिलीस?"

"तुला लागेल म्हणून."

मला रडू आवरेना. ती मात्र कोरडी. पदरानं माझं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं, खसाखसा. "आधी काहून नाही सांगितलं? इतके दिवस मी विचारून राहिली, मजेत आहे का, मजेत आहे का." मग उठताना, गुडघे धरून, "तुझ्या बाबांचा कुठं विश्वास होता पुण्यावर."

परतीच्या बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून होती. झोपली नव्हती.

१८ ऑक्टो., रवि.

विमानतळ. टॅन आंटी आली होती, संत्र्यांची पिशवी घेऊन. दोघी एकमेकींचे हात धरून आपापल्या भाषेत बोलत होत्या. आंटीला काही सांगू नको, असं आईनं मला घरातून निघतानाच बजावलं होतं. "तिच्या मनात पाप नव्हतं."

"तुझ्या होतं का?"

"माझ्या काय होतं नव्हतं, ते सोड."

आत जाताना वळली. वाटलं, जेवणाखाणाचं सांगेल. "काय करशील ते कर. पण मला सांगू नको."

परत येताना आंटीला विचारलं, अंकलकडं गळ आहे का? ऑपरेशनआधी जायचे ते मासेमारीला. "फॉर व्हॉट?" कामासाठी. तिनं डब्यातून निवडून तीन दिले, दोरीसकट, आणि परत द्यायची घाई नाही म्हणाली.

एरिकला फोन करायला हवा. केला तर पहिला प्रश्न, दोन होत्या हे तुला कधीपासून ठाऊक? नाही केला तर उद्या सकाळी टाकीतले सगळे मासे घेऊन व्हॅन निघणार. व्हॅनच्या आधी मी एकटी जाऊन पोचू शकते. एकदा गळ टाकायचा, तो रागानं येईल. आणि मग ती शेकडो पिल्लं, बापाशिवाय. त्यांनाही जाळीनं काढावं लागेल. एकूण एक. त्यातलं एक जरी राहिलं तरी पुन्हा हेच.

आईचं विमान सुटलं असेल आता. गळ ओट्यावर ठेवलेत, तिच्या खिरीच्या वाटीत. फोन शेजारी.